आज शास्त्र कोण वाचतंय?

आमच्या घरच्या उपासनेचा एक कायदा होता. ज्याला वाचता येतं त्यानं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, ज्याला येत नाही त्यानं प्रार्थना करायची. आजीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे प्रार्थना कायम तिच्याकडे. मी जोडाक्षरं नीट वाचायला लागले तसं शास्त्र माझ्याकडे आलं. आधी गीत, मग अध्याय, मग आजीची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पुण्याजवळच्या दिघीतल्या दोन खोल्यांतही हा क्रम मोडला नाही, कारण तो आजीनं नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातून बांधून आणला होता.

अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली अहमदनगरला ठाणं मांडलं आणि पुढे खेडोपाडी शाळा काढल्या. गावकुसाबाहेरच्या पुष्कळ घरांत पहिलं अक्षर आलं ते या शाळांतून. आजी सांगायची, तिचे आजेसासरे दिवसभर गुरं वळायचे आणि रात्री मास्तरांच्या ओसरीवर कंदिलाशी बसून धडा गिरवायचे. घरात वाचता येणारे ते पहिलेच. त्यांची आई त्यांच्याकडून एकच दाखला पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. तो पाठ झाला की दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून तीच देवाशी बोलायची, आदल्या रात्री ऐकलेल्या शब्दांत. हरवलेल्या मेंढराचा अध्याय झाला असेल तर शेळी हरवलेल्या शेजारणीचं नाव त्यात यायचं. मला वाटतं, आमच्याकडची प्रार्थना अशीच घडली. शास्त्रानं विषय काढायचा आणि माणसानं आपलं गाऱ्हाणं त्याला जोडायचं.

पुढे बायबलबाया आल्या. दारोदार जायच्या, बायकांना वाचून दाखवायच्या, शिकवायच्याही. पण पुस्तकाची मराठी जड. पंडिता रमाबाईंना ही अडचण फार जाणवली असणार. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळानं आणून सोडलेल्या मुली होत्या, त्यांना कळेल असं बायबल हवं म्हणून संस्कृत कोळून प्यायलेल्या या बाईनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. चर्चमध्ये मात्र जुनंच भाषांतर चालू राहिलं. ज्यांच्यासाठी तो खटाटोप होता त्यांच्यापर्यंत तो पुरता पोचला नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

बाहत्तरच्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला गेले आणि थोरले काका भोसरीला. एका वर्कशॉपात लेथवर लागले. सायकलच्या टप्प्यात स्वस्त खोली मिळाली ती दिघीत. तेव्हा दिघी म्हणजे खेडंच होतं. एकीकडे लष्कराची हद्द, मॅगझीनचा थांबा, बाकी शेतं. पिंपरी-चिंचवड पालिकेत गाव आलं ते १९९७ मध्ये. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि आळंदीला ज्ञानोबांनी समाधी घेतली. आमचं बिऱ्हाडही त्याच वाटेनं आलं असं मी एकदा आजीला म्हणाले. ती म्हणाली, "आम्ही कामासाठी आलो."

आळंदीहून निघालेली पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते त्या सकाळी आमची उपासना टाळमृदंगाच्या गजरात व्हायची. आजीला त्याचा अडथळा वाटत नसे, उलट तिचा आवाज चढायचा. गीतं तरी कुणाची होती? बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, ओवी-अभंगाच्या वळणाची. आगगाडीत एका सहप्रवाशानं दिलेला नवा करार उघडला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असंच सांगत राहिले. देहू-आळंदीच्या परिसरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

कारखान्यानं एकच गोष्ट मोडली, ती वेळ. काका सेकंड शिफ्टला असले की संध्याकाळ रिकामी जायची, नाईटला असले की दिवसभर घरात बोलायची चोरी. मग उपासना शिफ्टप्रमाणे सरकू लागली. काका रात्री उशिरा आले तरी आजी जागी. ते तेलकट हात रॉकेल-साबणानं धुऊन यायचे, आणि डोळे चोळत मी अध्याय काढायची.

एका रात्री मत्तयाचा विसावा अध्याय निघाला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला आल्यावरही लावतो आणि मजुरी सगळ्यांना सारखीच देतो. काका युनियनवाले, भडकलेच. "ही कुठली रीत? दिवसभर राबणाऱ्यानं काय पाप केलं?" धाकटे काका तेव्हा कंत्राटी होते. रोज सकाळी एका गेटवर उभे राहायचे, नाव पुकारलं नाही तर परत यायचे. ते म्हणाले, "दादा, दिवसभर उभं राहून बघ एकदा. कामापेक्षा ते जड असतं." वाद चांगलाच पेटला. आजीनं मध्येच डोळे मिटले आणि सुरू केलं: बापा, ज्याला सकाळी काम मिळालं त्याचे हात सांभाळ, ज्याला संध्याकाळपर्यंत कुणी बोलावलं नाही त्याच्या घरची चूल सांभाळ, आणि हे दोघं माझेच आहेत. मग निमूटपणे "आमेन" म्हणण्यावाचून कुणालाच गत्यंतर उरलं नाही. त्या दाखल्यावरची पुष्कळ प्रवचनं मी नंतर ऐकली. आजीइतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

कायदा आजही तोच आहे, फक्त वयं उलटी झालीत. भाचा इंग्रजी शाळेत जातो, मराठी बायबलातल्या जोडाक्षरांशी अडतो. त्यामुळे आजही शास्त्र मीच वाचते, प्रार्थना त्याच्याकडे. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. मोबाईलवर रोज सकाळी वचन येतं तेही तो मलाच मोठ्यानं वाचायला लावतो. परवा वादळ शांत केल्याचा अध्याय झाला. त्यानं डोळे मिटले आणि चाकणच्या चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकलेल्या बाबासाठी ट्रॅफिक शांत करायला सांगितलं.