ओटा कोणाचा?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून सुरुवात अथेन्सपासून करतो. इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास झेनो तिथल्या चौकालगतच्या खांबांच्या पडवीत, म्हणजे 'स्टोआ'त, शिकवू लागला. त्या पडवीवरूनच स्टोइक पंथाला नाव मिळालं. विचारालाही बसायला जागा लागते!

आता आपल्याकडे या. 1819मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून धुळे निवडलं, आखीव रस्त्यांचं नवं गाव वसवलं. रस्ता सरकारने दिला, पण ओटा घरांनी दिला. मालकी घराची, बसणं गल्लीचं. तिथे कापसाच्या भावाची चर्चा होई, सोयरीक जुळे. मात्र वर कोण बसणार आणि खाली कोण उभं राहणार, हे जात ठरवी. हे विसरून ओट्याचे गोडवे गाऊ नयेत.

पुढे वाचनालयं आली, जळगावचं व. वा. वाचनालय 1877चं. वाचनालयातलं लांब टेबल जात विचारत नाही. वर्तमानपत्र एक, वाचणारे चार.

आज ओट्याच्या जागी गाडी उभी असते, अभ्यासिकेत दोन मुलांमध्ये प्लायवूडची आडभिंत. अभ्यासाला ती हवी, मान्य. पण बाहेर पडल्यावर एक लांब बाक तरी असू द्या. ओटा परत आणू या, या खेपेला सगळ्यांसाठी.