आधी चूल विचारावी

‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ म्हटलं की आजी पदर सावरून बसायची आणि शाळेतल्या धड्यासारखं बोलू लागायची. मग एकदा विचारलं, “आजी, नागपूरहून इथे आलीस, त्या रात्री शिजवलंस काय?” आणि तिचं भोपाळ सुरू झालं.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि १९४९पर्यंत नवाबाचं असलेलं भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं. सरकारी फायलींमागोमाग कारकुनांचे संसारही इटारसीवरून निघाले. त्यातलाच एक आजोबांचा. टीटी नगरातली क्वार्टरं अजून व्हायची होती, म्हणून बिऱ्हाड जुन्या शहरात, इब्राहिमपुऱ्याच्या आसपास कुठेतरी.

आजी सांगायची, पहिल्या रात्री गोळाभात केला. वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. त्या वासानं शेजारच्या खालाजान दारात आल्या, हातात चहाचा पेला. आजीनं घोट घेतला आणि, “चहात मीठ! काय बाप्पा!” पुढे मात्र आमच्या घरच्या चहात ती चिमूट कायमची आली. साखर, मग मीठ, मग झाकण, हा क्रम आजीनं कधी मोडला नाही.

आजोबांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणत, गोळाभात कुठला, स्टेशनवर पुरी-भाजी खाऊन झोपलो होतो. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला एवढंच आठवतं, की बडा तलाव पाहून तिला समुद्रच वाटला होता. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल गेले. आजोबांच्या आठवणीत तो कचेरीतला सुन्न दिवस. आजीच्या आठवणीत, दुकानं बंद म्हणून तिळगुळाचा गूळ राहिला तो दिवस.

२ डिसेंबर १९८४च्या, वायुगळतीच्या रात्रीबद्दल आजी कधी आपणहून बोलली नाही. तोवर बिऱ्हाड टीटी नगरात आलं होतं. मी कणकेबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाली, “पहाटे परातभर मळली. जुन्या शहरातून माणसं येत होती, डोळे लाल, कोणाला धड दिसेना. पोळ्या केल्या, पण खाईना कोणी. नुसतं पाणी मागायचे.” खालाजान आल्या का, विचारलं, तर तिनं परातीचीच गोष्ट पुन्हा सांगितली. आत्या म्हणते, आल्या नाहीत.

त्या रात्रीतून वाचलेल्यांचे आवाज आता भोपाळच्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयात ऐकता येतात. ते फार मोलाचं काम आहे. पण प्रत्येक घरी संग्रहालय कुठून येणार? तिथे नातवंडांनीच वही घेऊन बसायला हवं.

तारखा मागू नयेत, त्या पुस्तकांत आहेत. चुलीवर काय होतं, पंगतीला कोण होतं, कोण यायचं राहिलं, एवढं विचारावं. उत्तरं जुळली नाहीत तरी दोन्ही लिहून घ्यावीत. माझ्या वहीत गोळाभातही आहे आणि पुरी-भाजीही.