१६० गिन्नीचा घोडा आणि २८,००० गिन्नीचा घोडा

आपल्या बडोद्यात रेसकोर्स रोड आहे, रेसकोर्स सर्कल आहे. घोडा मात्र आता वरातीत दिसेल तेवढाच. पण १९४७-४८ साली इंग्लंडच्या मोठमोठ्या शर्यती बडोद्याच्या घोड्यांनी मारल्या होत्या, हे नव्या पिढीला सांगितलं तरी खरं वाटत नाही. परदेशात शर्यतीच्या खऱ्या घोड्यांवर एकामागून एक चित्रपट निघाले. आपला घोडा पडद्यावर आलाच नाही. असं का झालं असेल?

आधी फार लॅपची गोष्ट ऐका. १९२६ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं हे शिंगरू. सिडनीच्या हॅरी टेलफर्ड नावाच्या फटक्या परिस्थितीतल्या ट्रेनरने एका अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली आणि ते न बघताच १६० गिन्नीला घ्यायला लावलं. बोटीतून घोडा उतरला आणि मालकाचं तोंडच उतरलं. हाडकुळा, बेढब, तोंडावर चामखिळी! शिकवणीचा खर्च द्यायला तो तयार होईना. मग टेलफर्डनेच ३ वर्षांच्या कराराने घोडा चालवायला घेतला.

त्याची देखभाल करायला होता टॉमी वुडकॉक, अगदी तरुण मोतद्दार. घोडा त्याला इतका लागला की दुसऱ्याच्या हातून खाईना. टॉमी त्याला 'बॉबी' म्हणायचा. १९३० साली मेलबर्न कपच्या ३ दिवस आधी कुणीतरी मोटारीतून घोड्यावर गोळी झाडली, तेव्हाही सोबत टॉमीच होता. फार लॅप त्याच दिवशी दुपारी पळाला आणि जिंकला, पुढे कपही जिंकला. एकूण ५१ शर्यतींत ३७ विजय. ५ एप्रिल १९३२ रोजी कॅलिफोर्नियात हा घोडा तडफडून गेला, तोही टॉमीच्या डोळ्यांसमोर. आज त्याचं कातडं मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला आणि हृदय कॅनबेराला जपून ठेवलंय.

१९८३ साली सायमन विन्सरने 'फार लॅप' चित्रपट केला. त्याचा नायक मालक नाही, मोतद्दार आहे. आणि खुद्द म्हातारा वुडकॉक त्यात एका छोट्या भूमिकेत दिसतो!

अमेरिकेच्या सीबिस्किटचंही तसंच. ८,००० डॉलरला घेतलेला बुटका घोडा, एका डोळ्याने न दिसणारा जॉकी रेड पोलार्ड. १९३८ साली या घोड्याने वॉर ॲडमिरलसारख्या नामांकित घोड्याला समोरासमोर हरवलं. त्या दिवशी मात्र पोलार्ड जखमी होता, स्वारी केली जॉर्ज वुल्फने. २००३ सालचा 'सीबिस्किट' याच माणसांवर उभा आहे. १९७३ साली तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणाऱ्या सेक्रेटेरिएटवर २०१० साली चित्रपट आला, त्यातही त्याचा मोतद्दार एडी स्वेट आहेच.

आता आपल्याकडे या. १९४५ साली महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिन्नीला घेतलं. तो तेव्हाचा विक्रम होता! हे शिंगरू म्हणजे त्याच साली डर्बी जिंकलेल्या दांतेचा सख्खा भाऊ. नाव ठेवलं सयाजीराव, महाराजांच्या आजोबांचंच. १९४७ साली त्याने आयरिश डर्बी मारली, आणि सप्टेंबरात, म्हणजे देश स्वतंत्र होऊन महिना होतोय तोवर, इंग्लंडची सेंट लेजर! पुढच्या साली महाराजांच्याच 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज जिंकली. महाराजांनी न्यूमार्केटला वॉरेन प्लेस ही पागाच विकत घेतली होती.

पण सगळं फार भरभर सरलं. १९४९ साली संस्थान विलीन झालं, १९५१ साली महाराजांची मान्यता गेली. दरबारी उधळपट्टीवरून तेव्हा जो वाद पेटला, त्याचा रागही या घोड्यांच्या आठवणीवर निघाला असावा. रयतेच्या पैशाचा प्रश्न होता तो, खोटा नव्हता.

तरी मला वाटतं, चित्रपट न होण्याचं कारण वेगळं आहे. सयाजीरावची किंमत लिहिलेली आहे, वंशावळ आहे, मालकाचं नाव आहे. त्याला दाणा कुणी घातला, रात्री त्याच्याजवळ कोण बसलं, हे आपल्यापर्यंत पोचलंच नाही. नुसत्या किमतीची गोष्ट होत नाही हो. १६० गिन्नीच्या घोड्याला टॉमी होता, म्हणून त्याची झाली.

न्यूमार्केटचे मोतद्दार तिकडचे. पण बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या पागांमधले बारगीर, मोतद्दार, नालबंद ही आपल्याच घरांतली माणसं. दफ्तरात सरदारांची नावं सापडतात. खरारा करणाऱ्याचं नाव मात्र घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीच राहिलंय, आणि ती माणसं एकेक करून चाललीत. तेव्हा आजच विचारा. पणजोबा कुठल्या पागेत होते, घोड्याला काय हाक मारायचे, जे कळेल ते खाली लिहा. एक नाव मिळालं तरी चालेल.