लॅटेक्स गादीचा कडकपणा

लॅटेक्स गादीचा कडकपणा म्हणजे गादीतील रबरी फेसाचा थर ठरावीक प्रमाणात दाबण्यासाठी लागणारे बल होय. हे बल 'आयएलडी' या आकड्याने दर्शवितात. आकडा जितका मोठा, तितका थर कडक. थराचा दर्जा किंवा टिकाऊपणा मात्र या आकड्यावरून ठरत नाही.

== पार्श्वभूमी ==

नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील जिल्हे असून येथील पारंपरिक गादी कापसाची असते. तिचा कडकपणा भरलेल्या कापसाचे वजन, खोळीचे माप आणि पिंजाऱ्याचा हात यांवर ठरतो. वापराने कापूस दबतो, त्याचे गोळे होतात व गादी कडक बनते. मग ती उसवून कापूस पुन्हा पिंजून घेतात. लॅटेक्सचे वर्तन याच्या उलट आहे. तो वापराने हळूहळू मऊ पडतो आणि पुन्हा पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी केलेली थरांची निवड येथे अधिक महत्त्वाची ठरते.

== मापन ==

नमुन्यावर सुमारे २० सेंटीमीटर व्यासाची गोल तबकडी दाबून बल मोजले जाते. अमेरिकी पद्धतीत नमुना मूळ जाडीच्या २५ टक्के दाबला गेल्यावरचे बल नोंदवितात. ते पौंडांत किंवा न्यूटनमध्ये सांगितले जाते. १ पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. आयएसओ २४३९ या आंतरराष्ट्रीय मानकातील एका पद्धतीत हाच दाब ४० टक्के असतो. साहजिकच एकाच थराचे दोन पद्धतींतील आकडे जुळत नाहीत. नमुन्याची जाडी बदलली तरी आकडा बदलतो. म्हणून एकक व पद्धत न सांगता दिलेला आकडा तुलनेसाठी निरुपयोगी होय.

पौंडांतील मापनात साधारणपणे २० च्या आतील थर मऊ, पंचविशीच्या आसपासचा मध्यम आणि ३० च्या वरचा कडक समजतात. या सीमा उत्पादकागणिक बदलतात. भारतीय बाजारात फोमची ओळख बहुधा 'डेन्सिटी'ने करून दिली जाते. ती प्रति घनमीटर वस्तुमान सांगते, कडकपणा नव्हे. 'ऑर्थोपेडिक' हा शब्दही मापनाचा नाही.

== थरांची रचना ==

डनलॉप पद्धत १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विकसित झाली. तीत रबराचा चीक घुसळून साच्यात ओततात; जड कण तळाशी बसल्याने एकाच थराची एक बाजू किंचित कडक होऊ शकते. टालाले पद्धतीत साच्यात निर्वात करून फेस फुगवितात व गोठवितात, त्यामुळे थर अधिक एकसारखा होतो.

वरचा थर पातळ व मऊ असल्यास शरीराला खालच्या कडक थराचा आधार जाणवतो. वजनदार व्यक्ती अधिक खोल रुतते, त्यामुळे तिला तीच गादी हलक्या व्यक्तीपेक्षा वेगळी वाटते. खोळीला साखळी असल्यास थरांचा क्रम बदलता येतो. गादीखालचा पायाही परिणाम करतो: सैल झालेल्या बाजेवर कडक लॅटेक्सही बाजेच्या झोळाप्रमाणे वाकतो.

== एक ते दहा श्रेणी ==

अनेक विक्रेते १ ते १० अशी श्रेणी देतात व १० म्हणजे सर्वांत कडक धरतात. युरोपीय मानकाच्या श्रेणीत मात्र १० म्हणजे सर्वांत मऊ. स्पेनमधील ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरील, २००३ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हीच श्रेणी वापरली होती. तीत २.३ श्रेणीच्या कडक गादीपेक्षा ५.६ श्रेणीच्या मध्यम-कडक गादीवरील रुग्णांना अधिक आराम पडला. कंबरदुखीला कडकात कडक गादीच हवी, या सार्वत्रिक समजुतीला या निष्कर्षाने छेद दिला.

== उष्ण हवामानात ==

मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. उष्णतेने मेमरी फोम लक्षणीय मऊ होतो, लॅटेक्सचा कडकपणा त्या मानाने फारसा बदलत नाही. तथापि कापसाच्या गादीप्रमाणे त्याला ऊन दाखविणे घातक आहे. अतिनील किरण व उष्णता यांमुळे रबराचे ऑक्सिडीकरण होऊन थर ठिसूळ होतो व त्याचा भुगा पडू लागतो. तो सावलीत, वाऱ्यावर ठेवतात.