आधी उज्जैन, मग दुर्बीण

"दुर्बीण कोणती घेऊ?" हा प्रश्न इंदूरमध्ये मला बरेचदा विचारतात. आकाश पाहायची हौस नवी असते, थोडे पैसेही बाजूला ठेवलेले असतात. माझं उत्तर ठरलेलं: आधी उज्जैनची वेधशाळा पाहून या. लोक तिला जंतरमहाल म्हणतात. तिथल्या जुन्या यंत्रांत एकही भिंग नाही, तरी आकाशाचे पहिले धडे तिथे नीट कळतात.

माळव्याचे सुभेदार असताना जयपूरच्या सवाई जयसिंगांनी ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. दिल्ली, जयपूर, काशी आणि मथुरा इथेही त्यांनी वेधशाळा उभारल्या. मथुरेची आता उरलेली नाही. उज्जैनचा मान मात्र त्याहून जुना. आपल्या सिद्धांतग्रंथांतली मध्यरेखा याच नगरीवरून जाते. पुढे शहर शिंद्यांकडे आलं आणि यंत्रं पडीक झाली.

ती पुन्हा उभी राहिली, त्याचा संबंध आपल्या पंचांगांशी आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्या ग्रंथांवरून केलेलं गणित आणि डोळ्यांना दिसणारं आकाश यांचा मेळ बसेना. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टकें' काढली. नंतर शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक, विजापूरकडचे व्यंकटेश बापूजी केतकर अशा अनेकांनी या वादात भाग घेतला. पंचांग कसं सुधारावं यावर एकमत नव्हतं, पण दृक्प्रत्यय सगळ्यांनाच हवा होता. म्हणजे ग्रहण लिहिलेल्या वेळेला दिसलं पाहिजे, ग्रह लिहिलेल्या जागी सापडला पाहिजे. त्यासाठी कुणीतरी बाहेर येऊन वर बघायला हवं होतं. पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी आग्रह धरला, आणि माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये वेधशाळेची दुरुस्ती करवली. आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. १९४२ पासून ग्रहांच्या रोजच्या स्थितीचं पंचांग तिथून दरवर्षी निघू लागलं.

आता धडे. सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीची सावली कुठे पडते ते पाहा. ती दाखवते ती उज्जैनची स्वतःची वेळ. घड्याळ साधारण २७ मिनिटं पुढे असतं, आणि हा फरक वर्षभरात थोडा कमीजास्त होतो. ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून तिच्या चढाच्या रोखाने वर पाहिलं की नजर ध्रुवाजवळ जाते. चढ साधारण २३ अंशांचा, कारण उज्जैनचे अक्षांशही तेवढेच.

हे रात्री घरच्या गच्चीवरून ताडून पाहता येतं. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ क्रतूच्या बाजूने पाचपट वाढवा, ध्रुव सापडेल. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश भरतात. उज्जैनला ध्रुव क्षितिजापासून सव्वादोन मुठी वर दिसतो. ग्वाल्हेरला तो अडीच मुठींहून जरा वर, हैदराबादला पावणेदोन, बेळगावला दीड मुठीच्या थोडा वर. बरं का, आपण कुठे राहतो हे असं आकाशच सांगतं! जयसिंगांच्या काळी हा तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन अंश दूर होता, आज एका अंशाहूनही जवळ आहे.

जूनमध्ये आणखी एक गंमत. २१ जूनला भर दुपारी, घड्याळात साडेबाराच्या जरा आधी, उज्जैनला एक मीटरच्या काठीची सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरते. ढग नसले तर जरूर पाहा.

घरोघरी पंचांग अजून भिंतीवर असतं, आपण त्यात एकादशी आणि चतुर्थी तेवढी बघतो. त्यात चंद्राचं नक्षत्रही दिलेलं असतं, ते कधी संपतं ती वेळही असते. रोहिणी, मघा किंवा चित्रा लिहिलेलं असेल, आणि चंद्र रात्री वर असेल, तर बाहेर या. चंद्राच्या आसपास त्याच नावाचा ठळक तारा शोधा आणि तारीख, वेळ, दिसलेलं अंतर वहीत टिपून ठेवा. अशी दहा-बारा पानं भरली की या, दुर्बिणीचं बोलू.