उस्मानियाचं मैदान आणि हैदराबादचे हंगाम

‘मैदान’ हा चित्रपट २०२४ साली आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव घरोघरी पोचलं. चित्रपट सुरू होतो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून आणि संपतो १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकापाशी. आपल्या हैदराबादकरांसाठी मात्र ही गोष्ट त्याच्याही पंचवीस वर्षं आधी सुरू होते, तीही एका विद्यापीठाच्या संघापासून.

रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचाच. १९२७ ते १९३१ या काळात ते उस्मानिया विद्यापीठाच्या संघातले नावाजलेले खेळाडू होते. उस्मानिया म्हटलं की आज डोळ्यांपुढे आर्ट्स कॉलेजची भव्य इमारत येते. ती तेव्हा नव्हतीच, तिचं उद्घाटन १९३९ चं. विद्यापीठाची स्थापना १९१८ ची, म्हणजे जेमतेम दहा वर्षांची संस्था. शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि पदवीसाठी तिकडची मुलं इथे येत. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, हे आपण दरवर्षी आठवणीने सांगतो. त्याच विद्यापीठाच्या मैदानावर काय घडत होतं, ते मात्र सांगायचं राहून जातं.

विद्यार्थ्यांच्या कुठल्याही संघाला एक अडचण असतेच. मुलं तयार होतात, पास होतात आणि निघून जातात. पुढच्या हंगामाला पुन्हा श्रीगणेशा. हैदराबादच्या स्थानिक लीगमध्ये ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा संघ होता, त्यात उस्मानियाचे आजी-माजी विद्यार्थी एकत्र खेळत. त्यामुळे पदवी मिळाली म्हणजे खेळ संपला, असं होत नसे. रहीम या संघातून खेळले, पुढे कमर क्लबकडूनही खेळले. पण पोटापाण्यासाठी त्यांनी निवडली मास्तरकी.

काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल या त्यांच्या नोकरीच्या शाळा. आपल्या लोकांना हा भाग काही नवा नाही. १९०७ साली निघालेली विवेक वर्धिनी जांबागेत आहे, तिथून चादरघाट पायी जाण्याइतकंच. बी. ए. झाल्यावर रहीम यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. संघटना उभी करण्यात त्यांना साथ होती सय्यद मोहम्मद हादी यांची. हे तेच हादी, ज्यांच्या नावावर रणजी स्पर्धेतलं पहिलं शतक आहे आणि अनेक खेळांत पारंगत म्हणून ज्यांना ‘रेनबो’ हादी म्हणत.

रहीम यांची शिकवण्याची रीत पक्की मास्तरांची होती. मुलाचं जे कच्चं, त्याचाच सराव जास्त. उजव्या पायाने खेळणाऱ्याने फक्त डाव्याने खेळायचं, अशा स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू पायाशी घोळवत न्यायला बंदी असलेले सामनेही घेतले, म्हणजे पास द्यावाच लागे. छोट्या पासांचा आणि वेगाचा हैदराबादी खेळ अशा घोटून घेण्यातून तयार झाला.

हे दिसलं १९५० च्या हंगामात. रहीम तेव्हा हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले होते. स्वातंत्र्यानंतरची पहिली ड्युरँड स्पर्धा त्या वर्षी झाली आणि अंतिम फेरीत या संघाने मोहन बागानला हरवलं. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स कपही जिंकला. शहरात तेव्हा ‘पोलीस’ शब्दाला ‘पोलीस ॲक्शन’ चिकटलेलं होतं, सप्टेंबर १९४८ ला उणीपुरी दोन वर्षं झाली होती. अशा वेळी पोलीस हाच शब्द नावात असलेला संघ साऱ्या शहराचा झाला. रोव्हर्स तर त्यांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १८९१ पासूनची ही स्पर्धा भारतीय संघाला पहिल्यांदा जिंकता आली ती १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सना. हे लक्षात घेतलं की सलग पाचचं मोल कळतं.

पोलिसातली नोकरी ही खेळाडूंची भाकरी होती, म्हणून हा संघ टिकला. पण पोरं हेरायची सवय मास्तरांचीच राहिली. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा तुळसीदास बलराम हा गरिबाघरचा मुलगा त्यांनी असाच हेरला. सरावाला यायला पैसे नव्हते, तेव्हा रहीम साहेबांनी सायकलच्या भाड्याचे पैसे दिले, असं बलराम पुढे सांगत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात बलराम होते.

आणि १९५६ हे साल आपल्यासाठी दुसऱ्या कारणानेही मोठं. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडलं. तेलंगणा आंध्र प्रदेशात, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरला. संतोष ट्रॉफी १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं हैदराबादने जिंकली आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीत समोर होती मुंबई! दुसऱ्या विजयाच्या वेळी हैदराबाद नावाचं राज्य नकाशावर उरलेलंही नव्हतं. उस्मानियात शिकून परभणी-नांदेडला परतलेल्या माणसाने त्या दिवशी कुणाच्या बाजूने टाळी वाजवायची? सरकारी कागदाने तो मुंबई राज्याचा, पण खेळ पाहिला तो हैदराबादचा. राज्याची वाटणी तीन ठिकाणी झाली तशी आठवणींची होत नाही, हे त्या सामन्यांनी दाखवून दिलं.

पुढे पोलीस संघाच्या नावातही ‘आंध्र’ आलं आणि १९६१ ची ड्युरँड त्याच नावाने जिंकली गेली. जून १९६३ मध्ये कर्करोगाने रहीम साहेब गेले. १९६० चं रोम ऑलिंपिक त्यांच्याच हाताखालच्या संघाने खेळलं. त्यानंतर आजवर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोचलेला नाही.

चषकांवर नाव पोलिसांचं कोरलेलं आहे, ते योग्यच. पण त्या नावामागे विद्यापीठाचं एक मैदान आणि चार शाळांची पटांगणं आहेत, ज्यांची नोंद कुठल्याच चषकावर नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी आजोबांचा शाळा-कॉलेजच्या संघातला फोटो असेल, तर घरातल्या थोरांना विचारून त्याच्या पाठीमागे नावं आणि साल लिहून ठेवा. जिंकलेल्यांची यादी कुठेही मिळते. बाकीच्यांची आपणच ठेवायची आहे.