चौदा वर्षं आणि चौदा दिवस

माझ्या घरी कपाटात एक जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यात माझी अडीच मिनिटांची एक अ‍ॅनिमेशन फिल्म आहे. ती गेली पंचवीस वर्षं कुणी पाहिलेली नाही. मीसुद्धा नाही.

१९९९ साली मी मुंबईच्या उपनगरातल्या एका स्टुडिओत अ‍ॅनिमेटर होतो. दिवसभर परदेशी मालिकांची कामं चालायची. गोष्ट त्यांची, पात्रं त्यांची, आमचे फक्त हात. रात्री परवानगी काढून त्याच मशीनवर मी स्वतःची फिल्म करायचो. एसटी स्टँडवरचा एक म्हातारा हमाल आणि कुणीच न्यायला न आलेली एक ट्रंक, एवढीच गोष्ट. पुढे तो स्टुडिओ बंद पडला. माझ्या फाइल्स मी घरी आणल्या. पण त्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या, त्याची किंमत तेव्हा लाखांत होती. फिल्म माझी होती, तिच्या कुलपाची किल्ली मात्र माझ्याकडे नव्हती.

म्हणूनच मार्च २०२५ मधल्या त्या सकाळी मी टीव्हीसमोर गप्प बसून राहिलो. लाटव्हिया हा वीस लाखांहूनही कमी वस्तीचा देश. तिथल्या गिंट्स झिलबालोडिस या तिशीतल्या दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. लाटव्हियाचं हे पहिलंच ऑस्कर. त्याच्या स्पर्धेत ‘इनसाइड आउट २’ होता, ज्याचा खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात गेला होता. ‘फ्लो’चा खर्च सुमारे पस्तीस लाख युरो. आणि तो ज्या सॉफ्टवेअरवर तयार झाला, ते कुणालाही फुकट मिळतं.

इथपर्यंतची वाट कशी झाली, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात अर्थातच बड्यांपासून झाली. संपूर्ण कॉम्प्युटरवर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे १९९५ चा ‘टॉय स्टोरी’. त्याच्या फ्रेम्स एक लाख चौदा हजारांवर. संगणकाला पात्रं, प्रकाश, सावल्या यांचं गणित सोडवून प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढावं लागतं. याला आम्ही रेंडरिंग म्हणतो. ‘टॉय स्टोरी’च्या एकेका फ्रेमला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागे, आणि त्यासाठी ११७ संगणक रात्रंदिवस राबत होते.

घरी एकच संगणक असलेल्या माणसानं हा हिशेब करून पाहावा. दर सेकंदाला चोवीस फ्रेम्स धरल्या, तर ८५ मिनिटांच्या चित्रपटाच्या होतात एक लाख बावीस हजार चारशे. फ्रेममागे एक तास धरला, तर एका मशीनला लागतील चौदा वर्षं. रामाचा वनवासच! म्हणजे हा खेळ कारखाना असलेल्यांचाच होता.

यात पहिली फट पडली ती नेदरलँड्समध्ये. टोन रोझेंडाल यांनी आपल्या छोट्या स्टुडिओच्या कामासाठी ‘ब्लेंडर’ नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं होतं. पुढे ते विकण्यासाठी कंपनी निघाली, गुंतवणूकदार आले आणि २००२ च्या सुरुवातीला कंपनी बंदही झाली. सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकलं. रोझेंडाल यांनी त्यांच्याशी बोलणी केली. एक लाख युरो द्या, आम्ही ते सर्वांसाठी खुलं करू देतो, असं ठरलं. जुलै २००२ मध्ये त्यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांना आवाहन केलं आणि सात आठवड्यांत पैसे उभे राहिले. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला झाला.

गावानं वर्गणी काढून विहीर सोडवून घ्यावी, तसा हा प्रकार. त्या विहिरीचं पाणी पुरेसं आहे का, हे दाखवायला २००६ साली ‘एलिफंट्स ड्रीम’ हा सुमारे अकरा मिनिटांचा लघुपट मोजक्याच कलाकारांनी तयार केला आणि त्याच्या सगळ्या फाइल्सही वाटून टाकल्या. माझ्यासारख्या कुलूपबंद फाइलवाल्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

त्याच सुमारास दुसरीकडे कमी खर्चाचा एक निराळा मार्ग चालू होता. अमेरिकेतला ‘हूडविंक्ड’ हा लाल टोपीवालीच्या गोष्टीवरचा चित्रपट २००५ अखेरीस आला. बड्या स्टुडिओंच्या बाहेर, ऐंशी लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात. त्यानं जगभरात अकरा कोटींच्या आसपास मिळवले. पण त्याचं अ‍ॅनिमेशन झालं होतं फिलिपिन्समध्ये, जिथे माणसं स्वस्तात मिळत होती. ती माणसं म्हणजे आम्हीच. स्वस्त चित्रपटाची बातमी वाचली की स्वस्त नेमकं काय झालं, मशीन की माणूस, हे मी तेव्हापासून विचारतो.

अवजार मोकळं झालं तरी सगळं मोकळं होत नाही, हे निना पॅली या अमेरिकी व्यंगचित्रकार बाईंच्या अनुभवातून कळतं. २००२ मध्ये पतीच्या नोकरीमुळे त्या केरळात त्रिवेंद्रमला आल्या. कामासाठी न्यूयॉर्कला गेल्या असताना पतीनं ई-मेलनं संसार मोडल्याचं कळवलं. त्यांना रामायणातली सीता भेटली, आणि अ‍ॅनेट हॅनशॉ या गायिकेच्या १९२० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकाही भेटल्या. या दोहोंतून त्यांनी आपल्या घरच्या संगणकावर ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा ८२ मिनिटांचा चित्रपट केला. जवळजवळ सगळं अ‍ॅनिमेशन एकटीनं. २००८ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फ्रान्समधल्या आनेसीच्या महोत्सवात सर्वोत्तम ठरला. काहींना त्यातलं रामायण खटकलं, निषेधही झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या आपल्या बायका जात्यावर सीतेचं दुःख गात आल्या, त्यांना हा धागा परका वाटला नसता.

अडचण आली ती गाण्यांची. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या गाण्यांच्या रचनांचे हक्क कंपन्यांकडे होते आणि सुरुवातीचा आकडा दोन लाख वीस हजार डॉलरच्या आसपास निघाला. वाटाघाटींनंतर पन्नास हजारांवर आलं, तेही बाईंनी कर्ज काढून भरले. आणि मग काय केलं? आपला चित्रपट २००९ मध्ये सगळ्या जगाला फुकट पाहायला, दाखवायला मोकळा करून टाकला. किल्लीसाठी इतकं सोसलेल्या बाईला दाराला कुलूप लावावंसं वाटलं नसावं.

आता पुन्हा लाटव्हियाकडे. ‘फ्लो’च्या आधी, २०१९ मध्ये, झिलबालोडिसचा ‘अवे’ हा ७५ मिनिटांचा चित्रपट आला होता. लेखन, दिग्दर्शन, अ‍ॅनिमेशन, संकलन, संगीत, सगळं एकट्याचं. साडेतीन वर्षं लागली. एक मुलगा मोटरसायकलवरून चालला आहे आणि मागून एक काळा राक्षस संथपणे येतो आहे. संवाद एकही नाही. चित्रपट चार प्रकरणांचा. एकट्या माणसाला जेवढं झेपेल तेवढंच त्यात आहे: थोडी पात्रं, लांबच लांब चालणारे शॉट्स, मोकळी माळरानं. गर्दी परवडत नव्हती, म्हणून एकटेपणाची गोष्ट. आणि ती खरी वाटते, कारण करणारा साडेतीन वर्षं एकटाच होता.

त्यानंतर त्यानं ब्लेंडर हाती घेतलं. ‘फ्लो’मध्ये महापूर येतो आणि एका नावेत मांजर, कुत्रा, लेमूर, कापिबारा आणि एक मोठा पक्षी असे सहप्रवासी जमतात. इथेही संवाद नाहीत. आवाज खऱ्या प्राण्यांचे. फक्त कापिबाराचा आवाज शोभेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा घेतला. पण महत्त्वाचा फरक रेंडरिंगमध्ये पडला. ब्लेंडरमधल्या ‘ईव्ही’ या जलद पद्धतीमुळे एकेक फ्रेम काही सेकंदांत तयार व्हायला लागली. फ्रेममागे दहा सेकंद धरा आणि मघाचा हिशेब पुन्हा मांडा. चौदा वर्षांच्या जागी येतात चौदा दिवस.

तरीही ‘फ्लो’ला साडेपाच वर्षं लागली. मशीनचा वनवास संपला, माणसाचा संपलेला नाही. मांजरानं पाण्याकडे बघून कान कधी मागे घ्यायचे, हे ठरवायला आजही एक माणूस दिवसभर बसतो. फ्रान्स आणि बेल्जियममधले अ‍ॅनिमेटर त्याच्या जोडीला होते, तिन्ही देशांतून पैसा उभा करावा लागला. पस्तीस लाख युरो म्हणजे आपले तीस कोटींच्या वर. हॉलिवूडच्या मानानं चिल्लर, आपल्या मानानं नव्हे.

आपल्याकडे गीतांजली राव यांनी २००६ मध्ये ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट एकटीनं रंगवला, तो कान महोत्सवात गाजला. मुंबईच्या फुलवाल्यांच्या, रस्त्यावरच्या प्रेमाचा त्यांचा पूर्ण लांबीचा ‘बॉम्बे रोझ’ यायला २०१९ उजाडलं. कॉम्प्युटरवर, पण फ्रेमन्‌फ्रेम हातानं रंगवलेला. त्यासाठी साठेक कलाकार दीड वर्ष झटत होते. मधली तेरा वर्षं सॉफ्टवेअरसाठी गेली असं कुणी म्हणणार नाही.

मी आता मुलांना अ‍ॅनिमेशन शिकवतो. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं ती पहिल्याच दिवशी विचारतात. मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर क्षणात वेल वाढलेला दिसला, तेव्हा कुठे भांडवल देणारा माणूस पुढे आला. कॅमेरा होता, पण वाटाण्याला घाई करता येत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात मी तो हमाल आणि ती ट्रंक पुन्हा काढायला घेतली, ब्लेंडरवर. जुन्या फाइल्स उघडायचा नाद सोडला. रोज चार सेकंद करायचे ठरवले होते, एकच होतो. हमाल अजून फलाटापर्यंत पोचलेला नाही. पण या वेळी त्याला अडवणारं कुणी नाही, फक्त माझी झोप आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)